दुधातले प्रथिन वाढवायचे तर: गाईच्या आहारातील अमिनो आम्लांचा हिशेब

दुधातले प्रथिन घसरले की बहुतेक गोठ्यांत पहिला उपाय ठरलेला असतो: गव्हाणीत आणखी थोडी पेंड. खर्च वाढतो, दुधातला युरिया वाढतो, आणि प्रथिनाचा आकडा जागचा हलत नाही. पोत्यावर छापलेले क्रूड प्रोटीन म्हणजे खाद्यातल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढलेला आकडा. त्यात युरियासुद्धा प्रथिन म्हणून मोजला जातो. कासेला मात्र रक्तातून येणारी अमिनो आम्लेच (प्रथिन ज्यांच्या जोडणीतून बनते ते घटक) लागतात, आणि तीही ठरावीक प्रमाणात. म्हणून हिशेब करायचा तो लहान आतड्यात लायसिन आणि मिथिओनिन ही दोन अमिनो आम्ले किती पोचतात याचा.

आहार जुळवायला नव्याने शिकणाऱ्यांनी पुढचा क्रम सोडू नये. शेवटच्या पायऱ्यांवरची उत्पादने महाग असतात, आणि आधीच्या पायऱ्या चुकल्या असतील तर ती सरळ वाया जातात.

आधी प्रवास समजून घ्या

खाद्यातल्या प्रथिनाचे कोटीपोटात (रुमेन, चारा आंबतो तो पोटाचा मोठा कप्पा) दोन भाग होतात. विघटनशील भाग तिथले सूक्ष्मजीव फोडतात, त्यातून अमोनिया तयार होतो आणि त्यापासून ते स्वतःच्या शरीराचे प्रथिन बनवतात. बायपास भाग न फुटता पुढे जातो. लहान आतड्यात पोचतात ते हेच सूक्ष्मजीव आणि हे बायपास प्रथिन. दोन्ही पचून जेवढी अमिनो आम्ले शोषली जातात, त्यांच्या बेरजेला चयापचययोग्य प्रथिन, थोडक्यात एमपी म्हणतात. चांगल्या आहारात एमपीचा निम्म्याहून अधिक वाटा सूक्ष्मजीवांचा असतो.

दुधातल्या खऱ्या प्रथिनात सुमारे ८० टक्के केसिन असते. ते कासेतल्या पेशी अमिनो आम्ले जोडून बनवतात. एखादे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले की बाकीची असूनही साखळी पुढे सरकत नाही. उरलेली यकृतात जळतात आणि त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन मूत्रात व दुधात जातो. दुधाळ गाईत बहुतेक वेळा मिथिओनिन किंवा लायसिन आधी कमी पडते, काही आहारांत हिस्टिडिन. यात एक बारकावा आहे. कास मिथिओनिन आणि हिस्टिडिन साधारण दुधात जाते तेवढेच उचलते, पण लायसिन, आर्जिनिन आणि शाखायुक्त अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त उचलून त्यांचा नायट्रोजन इतर अमिनो आम्ले बनवायला वापरते. त्यामुळे नुसत्या दुधाच्या रचनेवरून गरज मोजली तर ती चुकते.

पायरी १: आजची स्थिती आकड्यांत मांडा

आठवड्यातून किमान एकदा गटानुसार दूध, फॅट, प्रथिन आणि दुधातला युरिया नोंदवा. प्रथिनाच्या टक्क्यासोबत ग्रॅमही काढा. ३० किलो दूध आणि ३.२ टक्के प्रथिन म्हणजे ९६० ग्रॅम. उन्हाच्या तडाख्यात किंवा चारा कमी पडला की दूध घटते. तेव्हा टक्का टिकलेला दिसतो आणि ग्रॅम गळत असतात.

प्रयोगशाळा क्रूड प्रथिन देते की खरे प्रथिन, हे विचारून घ्या. दुधातला साधारण ५ ते ६ टक्के नायट्रोजन प्रथिनाबाहेरचा असतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांत ०.१५ ते ०.२ टक्क्यांचे अंतर पडते. क्रूड आकड्यात युरियाचाही भाग असल्याने, पेंड वाढवल्यावर तो किंचित वर जाऊन खोटा दिलासा देतो.

दुसरा गोंधळ युरियाच्या अहवालात होतो. काही ठिकाणी दुधातला युरिया नायट्रोजन कळवतात, काही ठिकाणी अख्खा युरिया. युरिया नायट्रोजनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. एका प्रयोगशाळेचे १२ आणि दुसरीचे २६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे एकच गोष्ट. पुढे या लेखात युरिया म्हणून दिलेले आकडे युरिया नायट्रोजनचे आहेत.

आता कार्यक्षमता काढा. गाय २२ किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारे खाद्य) खाते आणि त्यात १६.५ टक्के क्रूड प्रोटीन आहे, तर ती ३६३० ग्रॅम प्रथिन खाते. दुधात ९६० ग्रॅम गेले, म्हणजे सुमारे २६ टक्के. (दुधासाठी गुणक ६.३८ आणि खाद्यासाठी ६.२५ असल्याने किंचित फरक पडतो, रोजच्या कामाला तो चालतो.) २५ ते ३० टक्के ही साधारण स्थिती, ३० च्या वर उत्तम. आकडा २२ च्या आसपास असेल तर प्रथिन कमी दिले जात नसून वाया जात आहे.

तुलना करताना वेताचा टप्पा विसरू नका. विल्यानंतर पाचव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रथिनाचा टक्का सर्वांत खाली असतो आणि पुढे आपोआप चढतो. कासदाह असेल तर केसिन घटते, रक्तातली प्रथिने दुधात उतरतात आणि एकूण टक्का फसवा होतो. आहारावर दोष ठेवण्याआधी दुधातल्या पेशींची संख्या तपासा.

पायरी २: गाय खरोखर किती खाते ते मोजा

कागदावरचा आहार, मिसळलेला आहार आणि पोटात गेलेला आहार हे तीन वेगळे असतात. मुरघासाचा ओलावा दर आठवड्याला आणि पावसानंतर लगेच तपासा. १०० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला तरी पुरते. मुरघासात ३० टक्के शुष्क पदार्थ धरून २० किलो टाकला, तर ६ किलो शुष्क पदार्थ मिळतो. तो प्रत्यक्षात २५ टक्क्यांवर आला असेल तर ५ किलोच. एक किलो कमी झालेल्या या चाऱ्याची भरपाई कोणतेही अमिनो आम्ल करत नाही. उरलेला चारा रोज तोला आणि वजा करा.

पायरी ३: सूक्ष्मजीवांना आधी जेवू घाला

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनात लायसिन सुमारे ८ टक्के आणि मिथिओनिन सुमारे २.५ टक्के असते, म्हणजे दुधाच्या अगदी जवळ. बाजारातली कुठलीच पेंड या दर्जाला पोचत नाही, आणि हे प्रथिन गाय स्वतः तयार करते.

त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: अमोनिया आणि आंबणारी ऊर्जा. ऊर्जा मुख्यतः पिष्टातून आणि पचणाऱ्या तंतूंतून येते. जास्त दूध देणाऱ्या गाईच्या शुष्क पदार्थात साधारण २२ ते २८ टक्के पिष्ट आणि १० ते ११ टक्के विघटनशील प्रथिन ठेवतात. मक्याचा भरडा जाड असेल तर दाणे शेणात दिसतात. ते सूक्ष्मजीवांच्याही वाट्याला आलेले नसतात. शेण चाळणीत धुऊन पाहिले की हे लगेच कळते. उलट फार बारीक पीठ आणि कमी लांबीचा चारा असेल तर कोटीपोटाचा सामू घसरतो, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि सूक्ष्मजीव प्रथिन घटते. म्हणून चाऱ्यातून येणारे तंतू (एनडीएफ) शुष्क पदार्थाच्या १९ ते २१ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, आणि निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात.

चरबीच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. फॅट किंवा ऊर्जा वाढावी म्हणून तेल, तेलबिया किंवा बायपास फॅट वाढवतात. चरबी सूक्ष्मजीवांना ऊर्जा देत नाही. मोकळे तेल तर त्यांना त्रासच देते. बायपास फॅटनेसुद्धा दूध वाढले तरी प्रथिनाचा टक्का बऱ्याचदा ०.१ ते ०.२ ने उतरतो. एकूण चरबी शुष्क पदार्थाच्या ६ टक्क्यांच्या आत ठेवा आणि प्रथिन घसरल्याची तक्रार असेल तर गेल्या महिन्यात काय बदलले, यात चरबीकडे आधी बघा.

पिष्टाचा आणखी एक फायदा आहे. त्यातून बनणारे प्रोपिओनेट यकृतात ग्लुकोज होते आणि इन्सुलिन वाढवते. कासेतल्या पेशींमध्ये प्रथिन बांधणीचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेला इन्सुलिन आणि अमिनो आम्ले दोन्ही चालना देतात. भुकेल्या गाईला मिथिओनिन दिले तर ते इंधन म्हणून जळण्याचीच शक्यता जास्त.

या टप्प्यावर प्रथिन आणि युरिया एकत्र वाचा. युरिया ८ च्या खाली आणि प्रथिनही कमी असेल तर विघटनशील प्रथिन कमी पडते आहे. शेण घट्ट होते, चारा खाणे मंदावते. युरिया १६ च्या वर आणि प्रथिन कमी असेल तर अमोनिया पडून राहतो आहे, म्हणजे आंबणारी ऊर्जा कमी किंवा पेंड जास्त. युरिया १० ते १४ दरम्यान आणि तरीही प्रथिन कमी असेल, तेव्हाच अमिनो आम्लांच्या तोलावर संशय घ्या आणि पुढच्या पायरीवर या.

पायरी ४: बायपास प्रथिनाचा दर्जा बघा

क्रूड प्रोटीनच्या टक्केवारीत लायसिन आणि मिथिओनिन सुमारे असे असतात:

- सोयाबीन पेंड: लायसिन ६.३, मिथिओनिन १.४
- कॅनोला पेंड: ५.६ आणि १.९
- सरकी पेंड: ४.१ आणि १.६
- शेंगदाणा पेंड: ३.५ आणि १.१
- मका: २.८ आणि २.१
- मका ग्लुटेन मील: १.७ आणि २.४
- मासळीचा कुटा: ७.७ आणि २.८

मका मुरघास, मका भरडा, ग्लुटेन आणि मक्याचे डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) असा सगळा मक्यावरच उभा असलेला आहार म्हणजे लायसिनची टंचाई ठरलेली. पचणारे २०० ग्रॅम बायपास प्रथिन ग्लुटेनमधून आले तर लायसिन साडेतीन ग्रॅमही मिळत नाही. प्रक्रिया केलेल्या सोयाबीन पेंडीतून आले तर साडेबारा ग्रॅमच्या वर मिळते. पोत्यावरचा बायपासचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल. उलट सोयाबीनवर भर असेल तर लायसिन सावरते आणि मिथिओनिन कमी पडते. कॅनोला पेंड या दोन्हींच्या मध्ये बसते, म्हणून मिळत असेल तर तिला प्राधान्य द्यावे. मासळीचा कुटा आणि रक्तचूर्ण यांत लायसिन भरपूर असते, पण रवंथ करणाऱ्या जनावरांना प्राणिजन्य प्रथिने देण्यावर अनेक देशांत बंदी किंवा मर्यादा आहे. आपल्या भागातला नियम पाहिल्याशिवाय त्यांचा विचार करू नये.

उष्णता प्रक्रियेत एक धोका असतो. पेंड योग्य तापवली की तिचा बायपास भाग वाढतो. जास्त तापवली की साखर आणि लायसिन यांची गाठ बसते आणि ते लायसिन आतड्यातही सुटत नाही. पेंड गडद तपकिरी असेल, जळकट किंवा करपलेल्या साखरेसारखा वास येत असेल तर आम्लीय द्रावणात न विरघळणाऱ्या तंतूंना बांधलेल्या प्रथिनाची (एडीआयसीपी) तपासणी करून घ्या. डीडीजीएसच्या बाबतीत लॉट बदलला की रंग तपासायची सवयच लावा. तापून काळपट पडलेला मुरघासही याच रांगेत येतो.

पायरी ५: तूट ग्रॅममध्ये काढा

इथे आहार जुळवण्याचे सॉफ्टवेअर किंवा पशुआहारतज्ज्ञ लागतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या (एनआरसी) २००१ च्या पद्धतीत जास्तीत जास्त प्रतिसादासाठी लायसिन एमपीच्या ७.२ टक्के आणि मिथिओनिन २.४ टक्के, म्हणजे ३:१ असे प्रमाण धरले होते, व्यवहारात ६.६ आणि २.२ गाठले तरी बरेच साधते. कॉर्नेल विद्यापीठाच्या नव्या पद्धतीत प्रमाण २.७:१ च्या आसपास आहे. २०२१ च्या अमेरिकी शिफारशींनी तर एकाच अमिनो आम्लाने मर्यादा पडते ही कल्पना मागे ठेवून हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मिथिओनिन आणि ऊर्जा यांचा एकत्रित परिणाम मोजला. ज्या पद्धतीने पुरवठा काढला, लक्ष्यही त्याच पद्धतीचे घ्या. एका पद्धतीचा पुरवठा आणि दुसरीचे लक्ष्य जोडले की तूट भलतीच दिसते.

उदाहरणासाठी ६०० किलोची, ३० लिटरच्या घरातली गाय घ्या. समजा, नव्या पद्धतीने एमपी २२०० ग्रॅम, लायसिन १४६ ग्रॅम आणि मिथिओनिन ४६ ग्रॅम आले. १४६ ला २.७ ने भागले की लक्ष्य ५४ ग्रॅम, म्हणजे तूट ८ ग्रॅम. हेच पुरवठ्याचे आकडे ३:१ ला लावले तर तूट ३ ग्रॅमच निघाली असती. पद्धतींची सरमिसळ किती महागात पडते ते यावरून दिसते.

ही ८ ग्रॅम म्हणजे शोषले जाणारे मिथिओनिन. कोंबड्यांच्या खाद्यातली साधी मिथिओनिन पावडर गाईला देऊन उपयोग नाही; तिचा बहुतांश भाग कोटीपोटातच फुटतो. संरक्षित, म्हणजे कोटीपोटात फुटू नये म्हणून वेष्टन दिलेले उत्पादन लागते आणि त्याचाही हिशेब तीन आकड्यांचा असतो: त्यात मिथिओनिन किती, कोटीपोटातून वाचते किती, आतड्यात सुटते किती. समजा ७५ टक्के मिथिओनिन, ८० टक्के बायपास आणि ९० टक्के पचन. ०.७५ × ०.८० × ०.९० = ०.५४. म्हणजे ८ ग्रॅमसाठी सुमारे १५ ग्रॅम उत्पादन. विक्रेता नुसता पहिला आकडा सांगत असेल तर बाकीचे दोन आणि ते कोणत्या चाचणीतून आले हे विचारा. वेष्टन फार घट्ट असेल तर कोटीपोटातून सगळे वाचते आणि शेणातून तसेच बाहेर पडते. मिथिओनिनऐवजी दिला जाणारा द्रवरूप हायड्रॉक्सी ॲनालॉग वेगळ्या तऱ्हेने काम करतो, त्यातून शोषले जाणारे मिथिओनिन याच तीन आकड्यांच्या गणिताने काढू नये. लायसिन पाण्यात झटकन विरघळते, म्हणून त्याला वेष्टनात टिकवणे अधिक अवघड. आधी चांगल्या बायपास पेंडीतून लायसिन भरावे, उरलेलेच संरक्षित उत्पादनातून.

पायरी ६: मिसळण

पंधरा ग्रॅम पंचवीस किलो शुष्क पदार्थात थेट कधीच नीट पसरत नाहीत. २० गाईंसाठी ३०० ग्रॅम उत्पादन आधी ३ किलो मक्याच्या भरड्यात, मग ते २० किलो आंबोणात, आणि मग बाकी मिश्रणात घाला. वेष्टित दाणे मिक्सरमध्ये शेवटी टाका आणि मोजकेच फिरवा. गोळी पेंड बनवताना ते मिसळायचे असतील तर उत्पादन त्या उष्णतेला आणि दाबाला टिकते का हे लेखी घ्या; अनेक टिकत नाहीत. ओल्या, आंबट मुरघासात तासन्‌तास पडूनही काही वेष्टने उघडतात.

एक सोपी तपासणी: खाद्य टाकल्यानंतर आठ तासांनी गव्हाणीतून मूठभर मिश्रण घ्या, पांढऱ्या कागदावर पसरा आणि दाणे वेचून भिंगाखाली बघा. चिरलेले, चपटे झालेले किंवा बोटात दाबताच पीठ होणारे दाणे दिसले तर पैसे कोटीपोटात जिरत आहेत.

पायरी ७: परिणाम प्रामाणिकपणे मोजा

प्रतिसाद दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. सुरू केल्यापासून तीन आठवडे दुसरे काहीही बदलू नका. शक्य असल्यास वेताच्या सारख्या टप्प्यातल्या गाईंचे दोन गट करा आणि एकालाच द्या. नाहीतर तीन आठवडे चालू, तीन आठवडे बंद, पुन्हा तीन आठवडे चालू ठेवा. एका दिवसाच्या नमुन्यावर निर्णय घेऊ नका, आठवड्याची सरासरी घ्या.

अपेक्षा वास्तव ठेवा. ०.०५ ते ०.१५ टक्क्यांची वाढ चांगली मानावी. ३० किलो दुधावर ०.१ टक्का म्हणजे ३० ग्रॅम प्रथिन. त्या ३० ग्रॅममध्ये मिथिओनिन जेमतेम ०.८ ग्रॅम असते, आणि दिले होते शोषले जाणारे ८ ग्रॅम. बाकीचे यकृतात मिथाइल गट पुरवण्यात, शरीरातल्या इतर कामांत आणि काही जळून जाते. म्हणून मात्रा दुप्पट केल्याने प्रथिन दुप्पट वाढत नाही. जास्तीचे मिथिओनिन खाणे कमी करू शकते.

वाढ दिसलीच नाही तर कारणे या क्रमाने तपासा: शुष्क पदार्थ कमी गेला का, दाण्यांचे वेष्टन फुटले का, युरिया ८ खाली आहे का, मिथिओनिनऐवजी लायसिन कमी होते का. गवत मुरघास आणि बार्ली किंवा ओटवर आधारलेल्या, कमी क्रूड प्रोटीनच्या आहारात एमपीचा मोठा वाटा सूक्ष्मजीवांचा असतो. त्यांच्यात हिस्टिडिन तुलनेने कमी असते, आणि तिथे मिथिओनिन देऊन आकडा हलत नाही.

व्यायला आलेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या गाई

या काळात खाणे कमी आणि गरज अचानक मोठी असते, त्यामुळे गाय स्वतःचे स्नायू फोडून अमिनो आम्ले काढते. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत दिवसाला १२०० ते १३०० ग्रॅम एमपी मिळेल असा आहार ठेवतात. संरक्षित मिथिओनिन याच काळात सुरू करून विल्यानंतर चालू ठेवणे फायद्याचे ठरते. यकृतातली चरबी बाहेर काढायला लागणारे घटक बनवण्यातही त्याचा हात असतो.

पायरी ८: आता पेंड कमी करा

तोल जमल्याची खात्री पटली की क्रूड प्रोटीन १७ टक्क्यांवरून एकदम १५.५ वर आणू नका. अर्ध्या टक्क्याने उतरवा आणि दोन आठवडे थांबा. २२ किलो शुष्क पदार्थावर एक टक्का म्हणजे २२० ग्रॅम प्रथिन, सुमारे अर्धा किलो सोयाबीन पेंड. तिच्या जागी नुसता भुसा न टाकता मका किंवा चांगला पचणारा चारा द्या, म्हणजे सूक्ष्मजीवांची ऊर्जा टिकते. उतरवताना युरिया ८ च्या खाली गेला किंवा उरणारा चारा वाढला, तर लगेच मागच्या पातळीवर या. खाणे आधी कमी होते, प्रथिनाचा टक्का त्यानंतर पडतो.